कडू लवकी

आमच्या घरात चांगली भाजी खायची रीत नव्हती. सरळ, तजेलदार, डोळ्यांत भरणारं जे काही वाडीत पिकायचं ते टोपल्यात जायचं, टोपलं मायच्या डोक्यावर, आणि माय गुजरीत. घरी उरायची ती वाकडी वांगी, जून झालेल्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा आणि एका बाजूनं किडीनं पोखरलेली भेदरं. भेदरं म्हणजे टमाटर. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही तोच शब्द बोलतात. माय किडकी बाजू विळीवर अलगद काढून टाकायची आणि उरलेलं लाखोळीच्या डाळीत शिजवायची. वरून लसणाची फोडणी, मडक्यातला गरम भात, सोबत अंबाडीची चटणी. चुलीजवळ आम्ही तिघं भावंडं गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि त्या डाळीसाठी भांडायचो. पुढं मी शाळेत मास्तरीण झाले, चार गावं फिरले, चांगल्या घरांत जेवले. पण जेवण म्हटलं की माझ्या नाकात अजून तो लसूणच येतो. माझी नातसून आता भाजी मोबाईलवर मागवते. पिशवीतून एकाच मापाची, पुसून ठेवल्यासारखी वांगी निघतात. मी तिला विचारते, यातली वाकडी कोण खात असेल गं? ती हसते आणि मला चहा देते.

वाडी आमची नव्हती, बटईनं केलेली होती. पांगोळी नदीच्या काठाला, गोंदिया शहर जिथं संपायचं तिथं. बा मोट हाकायचा. मोटेचं चाक कुरकुरायचं, बैल विहिरीच्या उतारावर उतरायचे, पाणी धबकन थारोळ्यात पडायचं, आणि तेवढ्यात दूर कुठल्या तरी धानगिरणीचा भोंगा व्हायचा. मागून गाड्यांच्या शिट्ट्या. रेल्वेनंच ते शहर वसवलेलं, त्यामुळं तिथं कुठले कुठले लोक येऊन राहिलेले. आमच्या घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी, आणि गुजरीत पाऊल टाकलं की सगळी हिंदी. गुजरी म्हणजे रोजचा भाजीबाजार. मायची हिंदी अगदी तिच्या भाजीसारखी ताजी आणि थोडी मातीची होती. ‘‘ले लो बहनजी, अभी तोडी, अभी लायी,’’ असं ती म्हणायची आणि टोपल्यावर पाण्याचा शिपका मारायची.

मायची बसायची जागा करंजाच्या झाडाखाली होती. तिच्या शेजारी सोमारी बसायची. सोमारी गोंडीण, सालेकसाकडच्या जंगलपट्टीतून सकाळच्या पॅसिंजरनं यायची. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, नंतर रानभाज्या, आणि तिच्या घरच्या छपरावरच्या दोनचार लवक्या. मराठी तिला येत नव्हती, हिंदी जेमतेम. छत्तीसगढीत दोन शब्द बोलायची आणि बाकीचं बोटांनी. माय आणि ती वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून बसत होत्या, पण त्यांच्यात गप्पा अशा कधी झाल्या नाहीत. एकीला उठायचं असलं की दुसरी टोपल्यावर नजर ठेवायची, एवढंच. मी सकाळी मायबरोबर टोपलं घेऊन जायची, भाव सांगायची, तागडी धरायची, आणि शाळेच्या वेळेला तिथूनच पाटी उचलून पळायची.

गिऱ्हाईक त्या काळी बांधलेलं असायचं. एक घर एकीकडूनच घ्यायचं. भाजीवर कुणाचा शिक्का नाही, कुणी तपासणारा नाही. समोरची बाई आणि तिचा शब्द, एवढ्यावर सगळं चालायचं. लवकी घेताना, म्हणजे दुधीभोपळा घेताना, बाया हमखास विचारायच्या, ‘‘कडवी तो नहीं?’’ कारण लवकीत हजारातून एखादी कडू निघते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग माय देठाजवळ नख मारायची, नखाला लागलेला गर जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, ‘‘शक्कर है.’’ तिचं हे नख मारणं सगळ्या गुजरीला माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं करत नसे. त्यामुळंच मायकडची लवकी आधी संपायची. मायला एकच व्यसन होतं, गुडाखूचं. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लेप ती उठल्यापासून दातांवर घासायची. डबी सदा कमरेला. आमच्या भागातल्या कितीतरी कष्टकरी बाया घासायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. धान्याची टंचाई होती, गाड्यांतून सैनिक जायचे, आणि गुजरीत भाजीला मागणी वाढली होती, कारण डाळ मिळेनाशी झाली होती. त्या वर्षी पाऊस सरता सरता आमच्या उकिरड्यावर लवकीचा एक वेल आपोआप उगवला. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. खताच्या ढिगावरचा तो वेल असा काही फोफावला की बानं कौतुकानं त्याच्यासाठी वेगळा मांडव घातला. पानं हाताच्या पंजाएवढी, पांढऱ्या फुलांनी संध्याकाळी मांडव चांदण्यासारखा दिसायचा. लवक्या लागल्या त्याही डौलदार, हिरव्यागार, लव असलेल्या. बा येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून तो वेल दाखवायचा. त्यातली पहिली लवकी मायनं तोडली तेव्हा ती घरी शिजायचा प्रश्नच नव्हता. अशी लवकी म्हणजे टोपल्यात सगळ्यांत वर ठेवायची.

ती कुणी घेतली हे मला त्या दिवशी कळलंही नाही. कळलं ते दोन दिवसांनी. सकाळची गर्दी ऐन भरात असताना रेल्वेचे एक गार्डबाबू, उंच, खाकी कोट घातलेले, आपल्या नोकराला मनगटाला धरून करंजाखाली आले. त्यांचे डोळे लाल होते. त्यांच्या आईला, सगळ्या क्वार्टरांत त्यांना अम्मा म्हणत, लवकीची भाजी खाल्ल्यावर तासाभरात उलट्या सुरू झाल्या होत्या. उलटीत रक्त पडलं, हातपाय गार पडले. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भांड्यातली उरलेली भाजी जिभेला लावून बघितली आणि लगेच थुंकली. कडू लवकी विषासारखीच असते, असं त्यांनी सांगितलं. अम्मा अजून दवाखान्यात होत्या आणि वाचतील की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

‘‘किससे ली थी? बोल!’’ बाबूंनी नोकराला हलवलं.

नोकर नवा होता, रडकुंडीला आला होता. ‘‘इन्हीं दोनों में से किसी से ली थी, साहब. याद नहीं आता.’’

भाजीला पाणी शिंपडणारे हात थांबले. माय उभी राहिली. भ्याली होती, पण आवाज सरळ होता. ‘‘बाबूजी, मैं तो चख के देती हूँ. नाखून मार के, जीभ लगा के. सब से पूछ लो.’’

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच होतं ते. समोरचा कांदेवाला म्हणाला, ‘‘हाँ साहब, ये तो बराबर चखती है.’’ मायचं निर्दोष असणं सिद्ध झालं, आणि त्याच क्षणी सगळ्यांचे डोळे सोमारीकडं वळले. मायनं तिचं नावही घेतलं नव्हतं. सोमारी काहीतरी बोलली, तिच्या भाषेत, भरभर. कुणाला कळलं नाही. कुणी म्हणालं जंगलातलं काहीबाही आणून विकते, कुणी म्हणालं हिला इथं बसूच देऊ नका. बाबूंनी हात लावला नाही, पण गर्दीतल्या कुणाच्या तरी पायानं तिचं टोपलं उलटलं. लवक्या गडगडत गेल्या. सोमारीनं त्या एकेक करून उचलल्या, पदरात घेतल्या, आणि मागं न बघता स्टेशनच्या रस्त्यानं निघून गेली. मी शाळेत गेले नाही त्या दिवशी. माय खाली बसली आणि गिऱ्हाईक तिच्याभोवती आधीपेक्षा जास्त जमलं.

वाडीत आल्यावर मायनं टोपलं खाली ठेवलं, विळा घेतला आणि मला हाक मारली. ‘‘गिरजा, इकडं ये. जीभ लावून पाय बरं.’’ एकेका वेलाजवळ ती थांबायची, लवकीला चीर द्यायची, आधी स्वतः चाखायची, मग मला द्यायची. विहिरीजवळचा वेल गोड. कुंपणावरचा गोड. मग आम्ही उकिरड्याजवळच्या मांडवाखाली आलो. मायनं तिथली फोड जिभेवर ठेवली, चघळली, म्हणाली, ‘‘ही बी गोडच हाये.’’ आणि दुसरी फोड माझ्याकडं केली. मी ती नुसती जिभेला लावली असेल. कडूपणा इतका होता की तोंड आखडलं, डोळ्यांत पाणी आलं, मी थुंकत थुंकत थारोळ्याकडं धावले. चुळा भरून भरूनही ती चव जाईना. मागं वळून बघितलं तर माय तिथंच उभी होती, फोड अजून तोंडात. ती पुन्हा पुन्हा चघळत होती, जणू जोर लावला तर कळेल. ‘‘मले तं काहीच समजून नाई रायलं वो,’’ ती म्हणाली. मग तिनं फोड थुंकली, कमरेची डबी काढून हातात धरली आणि ती डबीकडं बघत राहिली. इतकी वर्षं झाली, पण मायचा तो चेहरा मला आजही समोर दिसतो. ज्या जिभेच्या भरवशावर तिनं गुजरीत शपथ घेतल्यासारखं सांगितलं होतं, ती जीभ केव्हाच मेली होती, आणि तिला ते त्या घटकेला समजत होतं.

बा बैल सोडून आला. मायनं झालं ते सांगितलं, आणि उद्या जाऊन कबूल करते म्हणाली, तेव्हा तो आधी मांडवाकडंच बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘आता कायले जातेस सांगाले? कोणाले मालूम हाये?’’

‘‘मले मालूम हाये,’’ माय म्हणाली.

‘‘पोलीस येतीन. गुजरीतून उठवतीन. मालक वाडी काढून घेईन. पोट्ट्याईले काय खाऊ घालशील मंग?’’

‘‘ते तुमी सांगा. मले फक्त हे सांगा का सोमारीच्या पोट्ट्याईले कोण खाऊ घालते आता?’’

बा वाईट माणूस नव्हता. घाबरलेला माणूस होता. मी त्याला उंबऱ्यावर बसलेला बघितला, डोकं हातांत धरून. मग तो उठला, कुऱ्हाड घेतली आणि तो सगळा वेल बुडातून तोडला. मांडवावरून ओढून काढताना पांढरी फुलं त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होती. लवक्या त्यानं खड्डा करून पुरल्या, गाईगुरांनी तोंड लावू नये म्हणून. सकाळी माय निघाली तेव्हा तो आमच्या मागून चालू लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अम्मांची सून बसली होती, कडेवर लहान मूल. आत लोखंडी खाटेवर अम्मा. मी कल्पना केली होती मोठ्या धिप्पाड बाईची. तिथं एक एवढीशी म्हातारी होती, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे, जागे. रात्रीतून उलट्या थांबल्या होत्या. बाबू उशाशी उभे होते. बा दाराबाहेर थांबला. माय आत गेली, दोन हात जोडले आणि म्हणाली, ‘‘अम्मा, लौकी मेरी थी. वो दूसरी बाई की नहीं थी. मेरी.’’

बाबू एकदम पुढं आले. मला वाटलं ते मायला मारतात. मी तिचं लुगडं घट्ट धरलं. खाटेवरून आवाज आला, अगदी बारीक. ‘‘रहने दे.’’ आणि मग, श्वास घेत घेत अम्मा बोलल्या, ‘‘कडवी थी, ये तो पहले कौर में ही समझ गई थी मैं. बहू ने कहा, अम्मा मत खाओ, फेंक दो. मैंने कहा, लडाई के दिन हैं, लोग भूखे सोते हैं, मैं थाली फेंकूँ? सब को उठा दिया और अकेली खा गई.’’ व्हरांड्यातल्या सुनेनं पदरात तोंड लपवलं. तिला केव्हाचं हे कुणाला सांगता येत नसावं. अम्मांनी मायकडं बघितलं. ‘‘तू तो चखती है, सुना है.’’

‘‘चखी थी, अम्मा. मेरी जीभ मर गई है. गुडाखू से. कल ही पता चला.’’

‘‘और वो दूसरी? जिसको भगाया?’’

अम्मांनी मुलाकडं नुसतं बघितलं. तो एवढा उंच माणूस खाली बघू लागला. मग अम्मा मायला म्हणाल्या, ‘‘पहले उसको वापस ला. फिर मेरे पास आना.’’ एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हांला बाहेर जायला सांगितलं; पण दारातून वळून ते मायला म्हणाले, बाई, तू सांगितलंस ते बरं केलंस, तिथं आणखी कुणी घेतली असती. पोलीस कधी आले नाहीत. मला वाटतं अम्मांनीच येऊ दिले नाहीत.

तिथून माय सरळ गुजरीत गेली. टोपलं नव्हतं डोक्यावर, रिकाम्या हातांनी. करंजाखाली उभी राहून तिनं मोठ्यानं सांगितलं की लवकी माझी होती, माझ्या उकिरड्यावरच्या वेलाची होती, वेल तोडला आहे, सोमारीचा काही दोष नाही. हिंदीत एकदा, आमच्या बोलीत एकदा. कांदेवाला पुटपुटला, ‘‘काऊन सांगून रायली वो बाई, मिटलं होतं न सगळं.’’ त्यानंतर मायचं गिऱ्हाईक गेलं. लवकीच नाही, वांगीसुद्धा कुणी घेईना. बांधलेली घरं समोरून जायची आणि दुसरीकडं वळायची. आमच्या घरी अचानक सरळ वांगी शिजू लागली, चांगली भेदरं, कोवळा पालक, सगळं जे विकलं गेलं नाही ते. आम्हां मुलांना तर सणासारखं वाटायचं. माय आम्हांला वाढायची, स्वतः भाकरीचा तुकडा मोडायची, आणि डबी नसलेल्या कमरेशी तिचा हात जाऊन परत यायचा.

सोमारी येईना. माय रोज पॅसिंजरच्या वेळेला स्टेशनबाहेर उभी राहून त्या भागातल्या बायांना विचारायची. त्या खांदे उडवायच्या. शेवटी माय मला घेऊन त्याच गाडीत बसली. माझा आयुष्यातला तो पहिला रेल्वेचा प्रवास. खिडकीतून कापणीला आलेलं धान दिसत होतं, मग जंगल, मग कचारगडच्या बाजूचे डोंगर निळे निळे. सालेकसाला उतरून आम्ही विचारत विचारत किती चाललो. सोमारीचं घर स्वच्छ सारवलेलं होतं, छपरावर लवकीचे वेल. ती अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. आम्हांला बघून तिनं हातातलं काम थांबवलं नाही, पण मुलीला सांगून पितळी लोट्यातून पाणी दिलं. माय खाली बसली. जमेल त्या भाषेत तिनं सगळं सांगितलं. जीभ दाखवली, डबी फेकल्याची खूण केली, दवाखान्याचं सांगितलं. सोमारीनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, ‘‘मोला कोनो नइ पूछिन.’’ मला कुणी विचारलंच नाही. हे ती रागानं म्हणाली नाही. जे झालं ते सांगितलं फक्त. माय म्हणाली, ‘‘मैं पूछने आयी हूँ.’’ आणि तिथंच बसून राहिली.

बसल्या बसल्या ऊन अंगणाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेलं. मला भूक लागली होती. सोमारीनं ती ओळखली असणार, कारण तिनं उठून आम्हांला पेज दिली, तांदळाची, आंबूस, सोबत कसल्याशा पानांची चटणी. ती चव मी विसरले नाही. मी मास्तरीण असताना त्या बाजूच्या एका शाळेत बदलीवर होते तेव्हा ती चटणी पुन्हा खाल्ली, आणि वर्गात जाण्याआधी मला डोळे पुसावे लागले होते. निघताना सोमारी येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. आम्हांला गाडीरस्त्यापर्यंत सोडायला मात्र आली.

चार दिवसांनी ती आली. करंजाखालची तिची जागा मायनं टोपलं आडवं ठेवून राखली होती. सोमारी बसली, लवक्या मांडल्या. गिऱ्हाईक तिच्याकडंही नाही, मायकडंही नाही. तेव्हापासून आमची नवी रीत सुरू झाली. प्रत्येक लवकीला, प्रत्येक काकडीला देठाजवळ बारीक चीर द्यायची, फोड मी चाखायची, आणि तशीच एक गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. ‘‘आता हिची जीभ,’’ माय म्हणायची. सोमारीच्या लवक्याही मीच चाखायची. काही बाया म्हणाल्या, कापलेली भाजी कोण घेईल, टिकत नाही. इतर भाजीवाल्या चिडल्या, की आता सगळ्यांनाच हे करायला लावाल. मायनं कुणाशी वाद घातला नाही. मला तेव्हा त्या उन्हात बसून कच्ची लवकी खाण्याचा कंटाळा यायचा, हेही खरं. पण मी आजही दुधीची फोड चाखल्याशिवाय घरात शिजू देत नाही. हल्ली सकाळी उठून दुधीचा रस पितात लोक, तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून सांगते, आधी चाखा रे बाबांनो, कडू लागली तर घोट घेऊ नका. ऐकतात बहुतेक.

सोमारी परत आली हे माय अम्मांच्या क्वार्टरावर जाऊन सांगून आली. आणि मग एका सकाळी गुजरीच्या तोंडाशी टांगा थांबला. सुनेचा हात धरून अम्मा उतरल्या. खूप वाळल्या होत्या, पांढरं लुगडं अंगावर नुसतं लटकत होतं. रेल्वेच्या क्वार्टरांतल्या घरंदाज म्हाताऱ्या बाया गुजरीत येत नसत, नोकर यायचा. त्यामुळं लोक बाजूला होऊन बघू लागले. अम्मा काठी टेकत करंजाखाली आल्या. मायनं आणि सोमारीनं दोघींनी उभं राहायचा प्रयत्न केला. अम्मांनी हातानं बसा म्हणून खुणावलं.

‘‘ये वही है?’’ त्यांनी सोमारीकडं बघून विचारलं. मायनं मान हलवली. अम्मा सोमारीसमोर वाकल्या, काठीवर भार देऊन. ‘‘बेटी, तेरे साथ मेरे कारण बुरा हुआ. मेरे घर के आदमी ने पूछा नहीं. मैं अब पूछने आयी हूँ. तेरी लौकी कैसी है?’’

सोमारीला किती कळलं कुणास ठाऊक. तिनं टोपल्यातली सगळ्यांत चांगली लवकी उचलली आणि माझ्याकडं दिली. मी चीर दिली, चाखली, म्हटलं, ‘‘गोड हाये.’’ दुसरी फोड अम्मांना दिली. सून एकदम पुढं झाली, ‘‘अम्मा, आप मत,’’ पण अम्मांनी फोड तोंडात टाकलीसुद्धा. सगळी गुजरी बघत होती. त्यांनी सावकाश चावली, गिळली. मग मायच्या टोपल्यातली एक लवकी दाखवली. तीही मी चाखली, तीही त्यांनी खाल्ली.

आणि मग अम्मा गेल्या नाहीत. मायच्या नि सोमारीच्या मधोमध जे पोतं अंथरलेलं होतं त्यावर त्या बसल्या, काठी मांडीवर आडवी. येणाऱ्याजाणाऱ्या बायांना हाका मारू लागल्या. ‘‘अरी बहू, इधर आ. पहचाना? मैं वही बुढिया हूँ जो मरी नहीं.’’ बाया आधी दचकायच्या, मग हसायच्या, मग थांबायच्या. अम्मा मला म्हणायच्या, ‘‘चख, बिटिया,’’ मी चाखायची, मग त्या स्वतः फोड देऊन म्हणायच्या, ‘‘ले, तू भी देख ले. किसी की बात पे मत जा, मेरी पे भी नहीं.’’ मायची जुनी बांधलेली घरं एकेक करून परत आली. ज्यांना त्या दिवशी सोमारीला हाकलायचं होतं त्यांतल्याही काही होत्या. कांदेवाल्यानं अम्मांना सावलीसाठी आपली छत्री आणून दिली. मी आयुष्यात पुढं बरीच मोठी माणसं बघितली, भाषणं ऐकली. पण पोत्यावर बसून भाजी खपवणाऱ्या त्या म्हातारीसारखं कुणी मला मोठं वाटलं नाही. तिनं आमचं घर वाचवलं, आणि हे करताना तिनं एकदाही उपकाराचा आव आणला नाही.

दुपारचा भोंगा झाला तेव्हा दोन्ही टोपल्यांत तळ दिसत होता. अम्मांनी आपल्यासाठी दोन लवक्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, एक हिची, एक तिची. त्यांना उठता येईना, गुडघे आखडले होते. सून हात द्यायला वाकली, पण तिच्याकडं मूल होतं. तेव्हा अम्मांनी एक हात मायच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा सोमारीच्या. त्या काळात अशा घरची बाई असा हात ठेवत नसे. सोमारी आधी आक्रसली, मग तिनं अम्मांच्या कमरेला हाताचा आधार दिला. तिघी गुजरीच्या मधून हळूहळू चालत टांग्यापर्यंत गेल्या, आणि मी मागून त्या दोन लवक्या घेऊन.

टांगेवाला नवा होता. त्यानं मायकडं, सोमारीकडं बघितलं आणि अम्मांना विचारलं, ‘‘अम्मा, ये कौन हैं?’’

अम्मा टांग्यात टेकून बसल्या, दम घेतला. ‘‘हमारी सब्जीवाली हैं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोनों.’’